सागवानाचं क्रियापद

फोन आला तेव्हा दुकानासमोर ट्रक उभा होता आणि हमाल ओंडके उतरवत होते. आत आरा मशीन चालू होती, त्यामुळे पलीकडून कोण काय बोलतंय ते मला आधी कळेचना. एक कान तळहाताने दाबून मी गल्ल्यावरून उठले आणि मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. अनिकेत होता, वत्सलाबाईंचा मुलगा. "काकू, आई गेली. आत्ताच... दुपारपर्यंत घरी आणू." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. मी वळले तर माझं तोंड पाहूनच आमच्या ह्यांनी मिस्त्रीला हात केला आणि मशीन बंद झाली. लाकडाच्या वखारींच्या आमच्या लकडगंजात दिवसाढवळ्या आरा मशीन थांबली की शेजारचे दुकानदार मान वर करून बघतात, तसं त्यांनी बघितलं. आमच्या डोक्यावर, वरच्या खोलीत, सकाळचा वर्ग जमलेला होता. वत्सलाबाई दवाखान्यात असूनही तो रोज जमत होता, कारण तसा त्यांचा हुकूम होता. खालचा आवाज अचानक थांबल्याचं वरही कळलं असणार. तिथली पावलं थांबली आणि मग टेबलावर लाकडाचा एक ठोका पडला. ठक. त्या वर्गात एका ठोक्याचा अर्थ होता, 'पुन्हा सांगा'. ते मला विचारत होते. मी जिन्यापाशी गेले आणि कठड्यावर हात ठेवून उभी राहिले... वर जाऊन काय सांगायचं ते माहीत होतं, पण त्यानंतर काय, ते माहीत नव्हतं. वत्सलाबाई गेल्या, आता त्यांचा वर्गही त्यांच्याबरोबर जाणार का, हे तिथल्या तिथे मलाच ठरवायचं होतं.

वत्सलाबाई बागडे म्हणजे मुलींच्या एका शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेली बाई. निवृत्त झाल्यावर पुस्तकांच्या कपाटासाठी फळ्या घ्यायला म्हणून त्या पहिल्यांदा आमच्या दुकानात आल्या. पांढरी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि प्रत्येक फळी नाकाशी नेऊन वास घ्यायची सवय. मी म्हटलं, "मॅडम, लाकूड आहे, आंबा नाही." त्या हसल्या नाहीत. फळी खाली ठेवून वर बोट केलं आणि विचारलं, "वरच्या खोलीत काय आहे?" मी म्हटलं, "उंदीर." त्या म्हणाल्या, "इंग्रजी शिकणार असतील तर राहू द्या, नाही तर काढा." आमच्या ओळखीची सुरुवात ही अशी. त्यांना मोठ्या माणसांसाठी वर्ग काढायचा होता. शाळेत इंग्रजीने पाडलेले, मग इंग्रजीचं नाव काढलं की खाली बघणारे, असे लोक त्यांना हवे होते. आमचे हे म्हणाले, "पन इथं कोन शिकन जी? दिवसभर मशीन बोंबलते." त्यावर वत्सलाबाईंनी जे उत्तर दिलं ते मी अजून विसरले नाही. म्हणाल्या, "ज्याहिले शिकायचं आहे, ते दिवसभर आवाजातच काम करतात. शांत जागी त्याहिले झोप येईल." खोली त्यांना मिळाली. उंदीर मी काढले.

पहिल्या दिवशी मी जिन्यावरून डोकावले होते. आमच्या खोलीत काय चाललंय ते बघायचा माझा हक्कच होता. आठ-दहा माणसं दाराशी चपला काढून अवघडून उभी. वत्सलाबाईंनी 'नमस्कार' म्हटलं नाही, नाव विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "कम." सगळे आत आले. "सिट." सगळे बसले. मग मराठीत म्हणाल्या, "मी दोन वाक्यं बोलले, पूर्ण वाक्यं. तुम्हाला दोन्ही कळली. म्हणजे इंग्रजी येत नाही हे खोटं आहे, आजपासून ते बोलायचं नाही." त्यांचा वर्ग नेहमी क्रियापदापासून सुरू व्हायचा. शाळेत नाम आधी, व्याख्या आधी. त्यांचा त्यावर राग होता, आणि तो राग फार जुना होता. त्यांचे वडील कापडगिरणीत कामाला होते. धम्मदीक्षेनंतर घरातले जुने देव उतरले आणि त्या कोनाड्यात त्यांनी इंग्रजी व्याकरणाचं एक फाटकं पुस्तक आणून ठेवलं. पाळीवरून आले की दिव्याखाली बसून ते नामाची व्याख्या मोठ्याने घोकायचे. घोकून घोकून पाठ झाली, पण तिच्यापुढे एक वाक्य कधी आलं नाही. "बाबा म्हनायचे, इंग्रजी आपल्याले कोनी आनून देनार नाही, आपन घेऊ," वत्सलाबाई सांगायच्या. "त्याहिनं घेतली असती वं, चंदावहिनी. त्याहिले कोनी दार दाखवलं नाही." आणि म्हणायच्या, "माणूस आधी काम करते, मग त्याचं नाव होते. भाषेचंही तसंच असू द्या." हे व्याकरणात कितपत बसतं मला माहीत नाही. त्यांच्या वर्गात ते बसलं.

ठोकळ्यांची कल्पना त्यांना आमच्याच वखारीत सुचली. मशीनखाली पडलेले लाकडाचे तुकडे त्या उचलून जोडून बघत बसायच्या. एक दिवस बाबूलाल मिस्त्रीला त्यांनी समजावलं की मला शब्दांच्या जातीप्रमाणे लाकडं हवीत. क्रियापद सगळ्यात मोठं आणि सागवानाचं, कारण बाकीच्यांचा भार त्याच्यावर. नामही सागवानाचं, पण जरा लहान. नामाच्या जागी बसणारं सर्वनाम त्याच मापाचं, पण हलक्या लाकडाचं. विशेषण नामाला डावीकडून चिकटणारं, क्रियाविशेषण क्रियापदाच्या जवळ राहणारं. प्रत्येकाला खाच किंवा खाचेत जाणारं टोक. शब्द वर खडूने लिहायचा आणि पुसायचा. वाक्य बरोबर असेल तर लाकडं एकमेकांत बसली पाहिजेत, चुकलं तर बसता कामा नयेत. मिस्त्रीने मन लावून काम केलं, पॉलिशसुद्धा मारलं. वत्सलाबाईंनी ठोकळे टेबलावर मांडले आणि त्यांचा चेहरा पडला. सगळे ठोकळे सगळ्यांत बसत होते. विशेषण क्रियापदात, क्रियाविशेषण नामात, काहीही कशातही घट्ट. मिस्त्री अभिमानाने बघत होता. "मिस्त्री, हे नको. चुकीचं बसलं नाही पाहिजे." बाबूलाल कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "मॅडम, बसत नाही असा जोड मी जिंदगीत बनवला नाही जी. कोनी पाहीन तर काय म्हनन, बाबूलालले काम येत नाही?" वत्सलाबाईंनी त्याला सरळ वर्गात नेऊन बसवलं. कोणीतरी मुद्दाम चुकीचं वाक्य मांडलं, ते छान बसलं आणि वर्गाने 'बरोबर' म्हणून टाळ्या वाजवल्या. मिस्त्री ओशाळला. दुसरा संच त्याने केला, पण चुकीचे जोड करताना तो दर वेळी कामगारांकडे पाठ करून उभा राहायचा, कुणी बघू नये म्हणून. मी त्याला अजून चिडवते.

त्या वर्गात कितीजण येऊन गेले. मला सगळ्यात जवळची दोन माणसं, शोभा आणि प्रमोद. शोभा भिवापूरची लेक, आमच्या गल्लीत सून म्हणून आलेली. माहेरची मिरची आणून तिखट कुटून विकायची. दूर दक्षिणेतला एक गिऱ्हाईक फोन करायचा, तो भराभर इंग्रजी बोलायचा आणि शोभा 'यस, यस' म्हणत राहायची. एकदा फोन ठेवून मला म्हणाली, "काकू, मिरची माह्यी, मंग बोलनं त्याचं काहून?" मी तिचा हात धरला आणि वर नेऊन बसवलं. प्रमोद हिंगण्याच्या एका कारखान्यात मशीनवर काम करायचा. दुपारपाळीला कंपनीची बस धरायच्या आधी तो वर्गाला यायचा. त्याला सुपरवायझर व्हायचं होतं आणि मुलाखत इंग्रजीतून होती. "मले समजते सगळं जी," तो म्हणायचा, "तोंडातून निघत नाही." शब्दयोगी अव्ययं शिकवायची वेळ आली तेव्हा वत्सलाबाईंनी सगळ्या वर्गाला खाली वखारीत आणलं. शोभा ओंडक्यावर चढून 'ऑन द लॉग' म्हणत होती, प्रमोद ट्रकमागे जाऊन 'बिहाइंड द ट्रक' ओरडत होता, आणि एक जाडजूड गृहस्थ दोन ओंडक्यांच्या मध्ये अडकून 'बिटवीन' म्हणायचं सोडून 'काढा, काढा' म्हणत होते. हमाल पोट धरून हसले. पण त्यानंतर कितीतरी दिवस मॅडम आल्या की हमालच त्यांना सांगायचे, "मॅडम, वहिनी बिहाइंड द शेड आहेत." इंग्रजी अशी आमच्याकडे लाकडाच्या भुशासारखी सगळीकडे उडू लागली. मी दारात बसून भाजी निवडायची, आणि न शिकताच बरंच शिकत गेले.

मग त्यांचा घसा बसला. आधी वाटलं, भुसा आहे, वय आहे. त्या लवंग चघळत शिकवत राहिल्या. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा आजार बराच पुढे गेला होता, स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या वर्गात आल्या आणि काहीही भाषण न करता विशेषणं घेतली. जाताना जिन्यावर मला म्हणाल्या, "चंदावहिनी, आवाज म्हनजे काही मी नाही." पुढे त्यांचा आवाज मी कधी ऐकला नाही. तो जाडसर होता, थोडा घोगरा, 'श' म्हणताना दातांतून हवा काढणारा... अजून कधीतरी मशीनच्या आवाजात तो मिसळल्यासारखा वाटतो आणि मी उगाच वर बघते.

ऑपरेशननंतर अनिकेत त्यांना पुण्याला न्यायला आला. गुणी मुलगा, आईवर जीव असलेला. "आई, आता बस झालं. आयुष्यभर बोललीस, आता माझ्याकडे आराम कर." वत्सलाबाईंनी गुडघ्यावर पाटी घेतली. बोलणं बंद झाल्यापासून ती पाटी त्यांच्या हातात असायची. त्यांनी लिहिलं, 'वर्ग अर्धा आहे.' अनिकेत म्हणाला, "तो दुसरं कोणी पूर्ण करेल." त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा तेच लिहिलं. तो म्हणाला, "आई, आवाजाशिवाय तू शिकवणार कशी?" पाटी पुसली, पुन्हा तेच. मी मध्ये पडले आणि अनिकेतच्या बाजूने बोलले, कारण मलाही ते वेडेपण वाटत होतं. जिथे धडधाकट बाईला मशीनवरून ओरडून शिकवावं लागतं तिथे मुकी बाई काय करणार? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहा ठेवायला उठले. अनिकेत एकटाच पुण्याला परत गेला.

पहिल्या दिवशी मी ठरवलं की यांचा आवाज मी व्हायचं. त्या पाटीवर मराठीत लिहितील, मी मोठ्याने सांगेन. माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो, ही काही लपलेली गोष्ट नाही. त्यांनी एक ओळ लिहिली, मी ती वाचली आणि मग जरा समजावूनही सांगितली. मग उदाहरण दिलं. मग शोभाने नीट बसावं म्हणून तिला दोन शब्द सुनावले. मग माझ्या सासूबाई कशा वागायच्या तेही निघालं. मला वाटतं अर्धा तास गेला असेल. वर्ग माना हलवत होता. वत्सलाबाईंनी शांतपणे पाटी पुसली आणि माझ्यासमोर धरली. तिच्यावर लिहिलं होतं, 'तुमीच बोलून राहिल्या, वहिनी. त्याहिले बोलू द्या.' मी गप्प झाले. माझ्या घरच्या लोकांना विचारा, ही काय लहान गोष्ट नव्हती. त्यांनी सागवानाचं मोठं क्रियापद हातात घेतलं, प्रमोदकडे बोट केलं आणि टेबलावर ठोका दिला. प्रमोद गोंधळून उभा राहिला. तो वाक्य बोलला. चुकलं. एक ठोका. त्याने पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं, पुन्हा एक ठोका. शेजारच्याने मदत केली, शोभाने ठोकळा फिरवून दिला, तेव्हा बसलं. मग पाठोपाठ दोन ठोके पडले, ठक ठक, म्हणजे बरोबर, पुढे चला. त्या दिवसापासून वर्गाची रीत ठरून गेली. एक ठोका म्हणजे पुन्हा सांगा, दोन म्हणजे पुढे. बाई गप्प आणि वर्ग बोलता. आधी तोंडात मारल्यासारखे बसणारे लोक आता नाइलाजाने बोलू लागले, कारण बोलायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं. मी दारात बसून बघत होते आणि मला रडू येत होतं, पण त्यांच्यापुढे रडायची सोय नव्हती.

प्रमोदच्या मुलाखतीची गोष्ट सांगायलाच हवी. साहेबांनी प्रश्न विचारला आणि तो घाबरला. घाबरल्यावर त्याने काय करावं, तर बोटाच्या पेराने त्यांच्या टेबलावर एक ठोका दिला. म्हणजे पुन्हा सांगा. समोरचे तिघे एकमेकांकडे बघायला लागले. त्या वेळी त्याला घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी तो वर्गाला येणार नाही असं मला वाटलं होतं, पण पठ्ठ्या वेळेवर हजर. घडलेलं त्याने सगळ्यांना सांगितलं, वर्ग हसला, तोही हसला. वत्सलाबाई हसताना आवाज यायचा नाही, फक्त खांदे हलायचे. मग त्यांनी त्याला पुढे बोलावलं, खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर बसल्या आणि पाटीवर साहेबांचा तोच प्रश्न लिहिला. तो उत्तर द्यायला लागला. एक ठोका. पुन्हा. एक ठोका. कंपनीची बस चुकली तरी त्यांनी त्याला उठू दिलं नाही. पुढच्या वेळी मुलाखत झाली तेव्हा हात पाठीमागे घट्ट धरून तो बोलला. आता हिंगण्याला त्याच्या हाताखाली माणसं आहेत. शोभाचंही तसंच. त्या दक्षिणेतल्या गिऱ्हाइकाला ती आता म्हणते, "प्लीज स्पीक स्लोली." आणि तो बोलतो.

एवढं सगळं होत असताना आजार गेला असं आम्ही धरून चाललो होतो. तो गेला नव्हता. शेवटच्या वर्गाची, ज्याला शोभा आणि प्रमोद अजूनही मदतीला यायचे, शब्दयोगी अव्ययं झाली, आणि वत्सलाबाईंना पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागलं; अनिकेतही पुण्याहून आला. जाताना त्या पाटीवर लिहून गेल्या, 'रोज जमा. झालेलं म्हणत राहा.' मी दर दुपारी डबा घेऊन जायची. खाणं होत नव्हतं, तरी डबा न्यायची. शेवटची भेट त्या जाण्याच्या आदल्या दुपारची. खूप बारीक झाल्या होत्या, पाटी धरायलाही माझा हात लागत होता. अक्षर मात्र तसंच, शाळेच्या फळ्यावरचं. त्यांनी लिहिलं, ''अँड' राहिलं. उद्या तुम्ही घ्या.' मी म्हटलं, "मी? मॅडम, मले कुठं येते? मी दारात भाजी निवडनारी बाई." त्यांनी पाटी सोडली, हात लांब केला आणि पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटाने एक ठोका दिला. पुन्हा सांगा. मी पुन्हा तेच सांगितलं, जरा जास्त कारणं जोडून. अजून एक ठोका. मी म्हटलं, "तुम्ही बऱ्या व्हा आणि तुम्हीच घ्या." अजून एक. नर्स आत येऊन बघून गेली. बोटात ताकद नव्हती, पण थांबायचं नाव नाही. शेवटी मी म्हटलं, "बरं, घेते." त्यांनी डोळे मिटले. मग दोन ठोके पडले. ठक... ठक. त्या दोन ठोक्यांच्या मध्ये थोडा वेळ गेला, एवढंच.

म्हणून त्या सकाळी मी जिना चढले तेव्हा मला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. पहिली सांगितली. शोभाने पदर तोंडाला लावला. कुणी जागचं उठलं नाही. टेबलावर ठोकळे तसेच मांडलेले होते. प्रमोदने विचारलं, "वहिनी, मॅडमनं काही सांगितलं होतं का?" मी म्हटलं, "हो. आज 'अँड' घ्यायचं." तो म्हणाला, "मंग घ्या ना जी. घरी आनायले दुपार होनार आहे." माझ्या तोंडाशी किती काय आलं होतं. वत्सलाबाई कशा होत्या, आपण काय गमावलं, सगळं. भाषण करायला मला कधीच वेळ लागत नाही. पण मी क्रियापद उचललं आणि शोभासमोर टेबलावर ठोका दिला. ती उभी राहिली, डोळे पुसले आणि ठोकळे मांडले. मॅडम केम. शेजारच्याने दोन्हीकडे सारखी खाच असलेला 'अँड'चा ठोकळा लावला. अँड सॅट. पुढच्याने, अँड टॉट अस. चुकलं तिथे मी एक ठोका दिला, बरोबर झालं तिथे दोन. अँड लॉस्ट हर व्हॉइस. अँड केम बॅक. प्रत्येकाला काहीतरी जोडायचं होतं. टेबल संपलं तसं वाक्य खाली फरशीवर आलं, फरशीवरून दाराकडे निघालं... आणि दाराशी 'अँड' संपले. मिस्त्रीने मोजकेच केले होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. जिन्यात बाबूलाल उभा होता. केव्हापासून उभा होता कुणास ठाऊक. टोपी हातात घेऊन म्हणाला, "वहिनी, मशीन चालू करू का? चार-पाच तुकडे काढून देतो." मी खाली ह्यांच्याकडे बघितलं. दुःखाच्या दिवशी मशीन चालवायची नाही, हा आमच्या घराचा नेम. ह्यांनी उठून स्वतः बटण दाबलं. शेजारच्यांनी पुन्हा माना वर केल्या. लाकूड कापलं जात होतं आणि वर सगळे थांबून ते ऐकत होते. ठोकळे गरम गरमच वर आले, पॉलिश न मारलेले. वाक्य जिन्यापर्यंत गेलं. मग आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीला, वंदना झाली, लोक बोलले, अनिकेतही बोलला. नंतर तो आमच्याकडे आला, वर जाऊन खोली बघितली आणि म्हणाला, "काकू, ठोकळे मी नेऊ का? आईची आठवण म्हणून." त्याचा हक्क होता. मी म्हटलं, "पाटी ने बाबा. ठोकळे कामाचे आहेत." त्याने हातातला ठोकळा टेबलावर परत ठेवला. मग आईसारखंच, आवाज न करता हसला आणि पाटी घेऊन गेला. आमच्या ह्यांनी पंधरवड्याने हळूच विषय काढला की खोलीत प्लायवूड ठेवलं तर कसं. मी फक्त गल्ल्यावर एक ठोका दिला. त्यांनी पुन्हा काही सांगितलं नाही.

मला सगळं येतं असं नाही. अडलं की प्रमोद सुट्टीच्या दिवशी येतो, शोभा तर रोजच येते. जाडजूड डिक्शनरी आहे, ती आमच्यातली चौथी. जे चौघांनाही कळत नाही ते आम्ही खडूने दारावर लिहून ठेवतो आणि कुणाला तरी विचारतो. लोक म्हणतात, चंदाबाई, तुम्ही आणि इंग्रजीच्या बाई, हसू येतं. येऊ द्या. मॅडमची जागा मी घेतलेली नाही, तेवढी माझी लायकी नाही आणि तसला भ्रमही नाही. मी शब्द दिला होता, तो पाळते आहे. त्या खोलीत एक गोष्ट मात्र मी बदललेली नाही. मला देवाने धडधाकट गळा दिलाय, खाली दुकानात तो दिवसभर चालतो. वर मी बोलत नाही.

मागच्या सोमवारी नवा वर्ग सुरू झाला. दाराशी नवी माणसं चपला काढून अवघडून उभी होती. त्यात एक आजोबा होते, एक रिक्षावाला, दोन जावा एकमेकींचा हात धरून. खाली मशीन चालू होती. मी सागवानाचं मोठं क्रियापद घेतलं, त्याच्यावर खडूने 'कम' लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं टेबलावर उभं केलं आणि ठोका दिला. कुणी हललं नाही. मी पुन्हा दिला. मग आजोबांनी ओठ हलवत ते वाचलं, मोठ्याने म्हटलं, आणि आत आले. त्यांच्या मागून बाकीचेही आले.